कोस्टा रिका, आम्ही दोघं आणि रोज दुपारचा पाऊस

ऑगस्टमध्ये कोस्टा रिकाला जातोय म्हटल्यावर ज्याला त्याला एकच सांगायचं होतं, अगं तेव्हा पाऊस असतो तिकडे. हो, असतो. मे ते नोव्हेंबर पाऊसच असतो पॅसिफिकच्या बाजूला, तिथले लोक त्याला ग्रीन सीझन म्हणतात आणि हॉटेलवाले तेवढ्यासाठी रेट खाली आणतात. पण हा पाऊस दिवसभर रडत बसणारा नाहीये, तो साधारण वेळ पाळून येतो. सकाळी लख्ख ऊन, अकरा-बाराला डोंगरांवर ढग जमायला लागतात, एक-दोन वाजले की जे कोसळायला लागतं ते संध्याकाळपर्यंत. आणि देश विषुववृत्तापासून १० अंशांवर असल्यामुळे वर्षभर सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आत-बाहेर मावळतो. त्यामुळे गणित सोपं, पाचला उठायचं, बारापर्यंत जे काय करायचं ते करून घ्यायचं आणि दुपारी ओल्या कपड्यांकडे बघत कॉफी प्यायची. हे एकदा अंगवळणी पडलं की ऑगस्टचं काही वाटत नाही, उलट गर्दी कमी आणि शिवाय देवमासे येतात, त्याचं पुढे सांगते.

आमच्यात प्लॅनिंगवरून जे झालं ते सगळ्या जोडप्यांत होत असेल. नवऱ्याने एक्सेल शीट केली होती आणि त्यात सगळं दोरीवरचं होतं, झिपलाइन, धबधब्यातून रॅपलिंग, राफ्टिंग, टारझन स्विंग. मला जंगल बघायचं होतं, नुसतं उभं राहून. तो म्हणे उभं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं, मी म्हटलं दोरीला लटकायला तरी कशाला. शेवटी वाटणी झाली. उत्तरेकडचा भाग, म्हणजे ला फोर्तुना आणि मॉन्टेवर्दे, त्याचा, आणि दक्षिणेकडचा, म्हणजे उविता आणि ओसा पेनिन्सुला, माझा. मधलं मान्युएल अँटोनिओ कॉमन. व्हिसाचा त्रास झाला नाही कारण पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिसा होता आणि तो असला की भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकात वेगळा व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट मात्र इमिग्रेशनवर बघायला मागितलं.

गाडीचं आधी सांगते, कारण बजेट तिथेच हलतं. नेटवर गाडीचं भाडं इतकं कमी दिसतं की आपल्याला वाटतं वा, आणि मग काउंटरवर कळतं की थर्ड पार्टी लायबिलिटी इन्शुरन्स तिथल्या कायद्याने सक्तीचा आहे, तो त्या भाड्यात धरलेला नसतो आणि तुमचं क्रेडिट कार्ड कितीही भारी असलं तरी हा भाग त्यात येत नाही. आम्ही घरूनच वाचून गेलो होतो म्हणून इन्शुरन्स धरून पूर्ण आकडा मेलवर लिहून घेतला होता, तरी तिथल्या माणसाने अजून दोन कव्हर गळ्यात मारायचा प्रयत्न केलाच. गाडी फोर व्हील ड्राइव्ह घ्या, निदान उंच तरी घ्या. आम्ही घेतली जिम्नी, तिकडे रेंटलला ती पैशाला पासरी दिसते. दोन बॅगा मागे टाकल्या की गाडी संपली, पण खड्ड्यांना घाबरत नाही. आणि ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टायरसकट, व्हिडिओ काढून ठेवा, काउंटरवाल्याच्या समोरच.

रस्त्यांची एक गंमत. पत्ते नसतातच. म्हणजे हॉटेलचा पत्ता असा असतो की चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला आणि मग ५० मीटर पूर्वेला, आणि १०० मीटर म्हणजे मोजून १०० मीटर नव्हे, एक ब्लॉक. सगळा देश वेझ नावाच्या नकाशाच्या अ‍ॅपवर चालतो, आम्हीही त्यावरच चाललो. छोटे पूल एका लेनचे, ज्याच्या बाजूला 'सेदा एल पासो' लिहिलेलं त्याने थांबायचं. लोक खरंच थांबतात हो, कोणी घुसत नाही, समोरचा हात वर करून थँक्यू म्हणतो आणि जातो.

विमानतळावरून ला फोर्तुना तीनेक तासांचा रस्ता, शेवटी शेवटी नुसता वळणांचा. तिथे जायचं ते आरेनाल ज्वालामुखीसाठी. एकदम शाळेतल्या चित्रातला त्रिकोणी डोंगर, फक्त तो दिसला पाहिजे. हा शेकडो वर्षं गप्प होता, लोक त्याला साधा डोंगरच समजायचे, आणि २९ जुलै १९६८ ला फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गेली, ऐंशीच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर २०१० पर्यंत तो सतत धुमसत होता, म्हणून जुने प्रवासी सांगतात की रात्री हॉटेलच्या खिडकीतून लाल लाव्हा ओघळताना दिसायचा. आता काही दिसत नाही, शांत आहे. आम्ही १९६८ च्या लाव्हावरून जाणाऱ्या वाटेने चाललो, काळे धारदार दगड आणि त्यांच्या फटीफटीतून उगवलेलं रान, आणि डोंगर स्वतः ढगात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाल्कनीत गेले तर समोर पूर्ण उघडा. नवऱ्याला उठवेपर्यंत पुन्हा टोपी चढली होती.

मग त्याचं ते रॅपलिंग. कॅन्यनिंग म्हणतात, धबधब्याच्या धारेतून दोरीने खाली उतरायचं. मला भीती वाटेल असं मला वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या कड्यावर पाय हवेत गेल्यावर पोटात गोळा आलाच, पण नंतर लक्षात आलं की इथे आपण काहीच करत नाहीयोत. वर एक माणूस, खाली एक माणूस, दोघांच्या हातात ब्रेक, तू हात सोडलास तरी तो तुला अलगद खाली आणणार. सगळं इतकं बसवलेलं आहे की दर काही मिनिटांनी एक माणूस खाली पोचतो, फोटो निघतो, पुढचा. राफ्टिंगला थोडी तरी अनिश्चितता होती, बाल्सा नदीवर क्लास दोन-तीनचे रॅपिड्स, फार भयानक नाही पण रात्रीच्या पावसाने पाणी वाढलेलं. गाइड ओरडतो आदेलांते आणि सगळ्यांनी वल्हवायचं. आमच्या पुढे बसलेला एक आडदांड माणूस एका दगडाला राफ्ट घासल्यावर सरळ पाण्यात गेला, बरोबरच्या कायाकवाल्याने त्याला अर्ध्या मिनिटात ओढून आणला आणि तो वर येऊन हसायलाच लागला. नवरा दिवसभर त्या माणसावर जळत होता, मी का नाही पडलो म्हणून.

संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यांना जायचं असतं. मोठ्या रिसॉर्टांचे डे पास महाग आहेत, पण ताबाकोनजवळ रस्त्याच्या कडेला तीच गरम नदी फुकटात वाहते, गाडी लावायची, कपडे गाडीत, आणि अंधारात हातात टॉर्च घेऊन खाली उतरायचं. वरून थंडगार पाऊस आणि मानेपर्यंत ऊनऊन पाणी, आजूबाजूला तिथली कुटुंबं पोरंबाळं घेऊन बसलेली. पैसे देऊन केलेल्या गोष्टींपेक्षा आम्हाला हेच जास्त आवडलं. मौल्यवान काही गाडीत ठेवू नका एवढंच.

तिथून एक दिवस रिओ सेलेस्तेला गेलो, तेनोरिओ ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कात. निळी नदी. फोटोत बघून मला वाटायचं की रंग वाढवलेत, पण खरंच तशी आहे, दुधात निळं टाकल्यासारखी. वाटेच्या टोकाला जिथे दोन साधे, बिनरंगी ओढे एकत्र येतात तिथे तुमच्या डोळ्यांसमोर पाणी निळं होतं. पाण्यात रंग नाहीचे, एका ओढ्याचं पाणी आम्लधर्मी आहे, ते मिसळलं की दुसऱ्यातले अ‍ॅल्युमिनियम सिलिकेटचे कण मोठे होतात आणि प्रकाश असा विखुरतात की आपल्याला निळं दिसतं. रात्री जोरदार पाऊस झाला तर हीच नदी चहासारखी होते, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलात विचारून मगच जा. पोहायला बंदी आहे. वाट म्हणजे चिखल, गमबूट दारातच भाड्याने मिळतात, निमूट घ्या.

मॉन्टेवर्दे नकाशावर ला फोर्तुनाच्या शेजारी दिसतं, पण मध्ये आरेनाल तलाव आडवा आहे. गाडी नसेल तर लोक व्हॅन-बोट-व्हॅन करून जातात, गाडी असेल तर तलावाला वळसा घालून तिलारानवरून. तलावाच्या कडेला रस्त्यावर कोआतींची टोळी उभी असते, लांब नाकाची, शेपट्या वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे खाऊ मागत. देऊ नका, तसे बोर्ड पण आहेत. तिलारानच्या पुढे कच्चा रस्ता सुरू झाला आणि त्याच वेळी दुपारचे दोन वाजले. म्हणजे पाऊस. वायपर फुल स्पीडला, समोर पांढरं, उजवीकडे दरी आणि नवरा चालवतोय, मी वेझ धरलेलं आणि नेटवर्क गेलं. आमचं त्या ट्रिपमधलं सगळ्यात मोठं भांडण त्या रस्त्यावर झालं, विषय होता की मगाचचा फाटा डावीकडचा होता का. पंधरावीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग समोरून दुधाचे कॅन घेतलेला एक पिकअप आला, त्याने काच खाली करून आम्ही न विचारताच मॉन्टेवर्देच्या सांता एलेना गावाकडे हात केला आणि गेला. फाटा बरोबरच होता. कोणाचं खरं ठरलं ते इथे लिहीत नाही, घरात शांतता हवीये.

मॉन्टेवर्देची गोष्ट मला फार आवडली. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर या ख्रिश्चन पंथाची काही कुटुंबं इथे आली. युद्ध नको, सैन्यात भरती व्हायचं नाही, त्यासाठी त्यांच्यातले काही तुरुंगातही जाऊन आले होते, आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्ये लष्करच बरखास्त केलं होतं, म्हणून हा देश निवडला. डोंगरावर जमीन घेतली, गाई पाळल्या, चीज करायला लागले. पण पाण्यासाठी म्हणून वरचं जंगल त्यांनी तोडलं नाही, आणि पुढे त्याच भागात १९७२ मध्ये क्लाउड फॉरेस्ट रिझर्व्ह झालं. कॅरिबियनकडून येणारं दमट वारं डोंगराला धडकून वर चढतं आणि ढग होऊन जंगलातच शिरतं, त्यामुळे इथे पाऊस पडत नसतानाही झाडं ठिबकत असतात. एकेका फांदीवर शेवाळं, नेचे, ऑर्किड, त्यांच्यावर अजून काहीतरी, झाड नेमकं कुठलं तेच कळत नाही. इथेच एक सोनेरी बेडूक होता, जगात फक्त या डोंगरावर, १९८९ मध्ये शेवटचा दिसला, नंतर कधीच नाही. गाइड हे सांगताना थांबला नाही, चालता चालताच सांगितलं.

झिपलाइनही इथेच, हा प्रकार कोस्टा रिकात लोकप्रिय झाला तो याच भागातून. एक किलोमीटरहून लांब केबल आहेत, शेवटच्या काहींवर पोटावर झोपवून सुपरमॅनसारखं सोडतात. आम्ही गेलो तेव्हा मध्यावर ढग होता, म्हणजे निघताना जंगल दिसतंय, मग काहीच नाही, नुसता तो केबलचा आवाज आणि तोंडावर पाणी, आणि मग अचानक समोर प्लॅटफॉर्म. मस्त होतं, नाही म्हणत नाही. पण त्याच रात्री नाइट वॉक केला, टॉर्च घेऊन दोन तास, तेव्हा नवरा म्हणाला की पैसे यात वसूल झाले. पानाखाली झोपलेले पक्षी कापसाच्या गोळ्यासारखे, बिळाच्या तोंडाशी टॅरंट्युला कोळी, आणि एका फांदीवर हिरवा पिट वायपर साप, आमच्या डोक्याच्या उंचीला, इतका स्थिर की मी त्याच्यासमोरून दोन पावलं गेलेसुद्धा होते. यूव्ही टॉर्च मारली की विंचू निळाहिरवा चमकतो हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

खाली उतरून कोस्टल हायवेला लागलो की तार्कोलेस नदीचा पूल येतो, सगळे गाड्या लावून कठड्यावरून खाली बघत असतात. खाली मगरी, मोठ्या, चिखलात ओंडक्यासारख्या पडलेल्या. पाच मिनिटं बघा आणि निघा.

मान्युएल अँटोनिओबद्दल कामाच्याच गोष्टी सांगते कारण बाकी सगळं फोटोत आहे. तिकीट फक्त ऑनलाइन, साधारण १८ डॉलर, वेळेचा स्लॉट घ्यायचा, आणि पार्क मंगळवारी बंद. गेटच्या किलोमीटरभर आधीपासून रिफ्लेक्टर जॅकेट घातलेले लोक झेंडे हलवून गाडी थांबवायला लावतात, आम्हाला वाटलं पोलिस, ते खाजगी पार्किंगवाले असतात, पुढे जात राहा. आत खायचं काही नेता येत नाही, बॅग उघडून बघतात, कारण पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं आणि रकून. तरीही बीचवर एका बाईची बॅग माकडाने चेन उघडून तपासली, ओढून नाही, चेन उघडून, आणि सनस्क्रीन वास घेऊन फेकून दिलं. गाइड घ्या. आम्ही गाइडशिवाय आत आलेले लोक बघत होतो, ते सरळ रस्त्याने बीचवर जात होते आणि त्यांच्या डोक्यावर स्लॉथ, म्हणजे तो झाडावरचा अतिशय संथ प्राणी, लटकलेला होता. गाइडकडे तिपायावरची दुर्बीण असते, तो आपला फोन तिला लावून फोटो काढून देतो आणि ते फोटो आपल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगले येतात. तीन बोटांचा स्लॉथ, तोंडावर कायमचं हसू, एवढं हळू खाजवत होता की मला वाटलं व्हिडिओ अडकला. हा प्राणी आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो, तेही शी करायला. दहा हजार कोलोनच्या नोटेवर पण तोच आहे. तिथल्या नव्या नोटांवर सगळे असेच प्राणी, दोन हजारावर शार्क, पाच हजारावर माकड. डॉलर सगळीकडे चालतात पण छोट्या सोडांमध्ये, म्हणजे साध्या खानावळींत, कोलोनच द्या, हिशोब बरा पडतो. मी शाकाहारी, तो नाही, दोघांचंही कसाडोवर भागलं, भात, काळा राजमा, सॅलड, तळलेलं पिकं केळं, आणि त्याच्या ताटात वर मासा. सकाळी गायो पिंतो, म्हणजे तोच भात आणि तोच राजमा परतून. वर लिझानो सॉस टाकला की चालतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून लोणच्याची आठवण येते, ते घेऊन जा.

उविताला देवमासे. हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून जुलै अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत इथल्या कोमट पाण्यात पिल्लं द्यायला येतात, उत्तरेकडचे वेगळे, ते डिसेंबर ते मार्च. बोट किनाऱ्यावरून ढकलून लाटांत घालतात आणि आपण पळत जाऊन चढायचं. तासभर काही नाही. नुसत्या लाटा, डिझेलचा वास, आणि मला मळमळ. नवरा आल्याची गोळी घेऊन बसला होता म्हणून ठणठणीत. मग बोटवाल्याने इंजिन बंद केलं. एक आई आणि तिचं पिल्लू, बोटीपासून बऱ्यापैकी लांब, आधी फुस्स करून फवारा आणि मग ती पाठ, वर येतच राहिली, येतच राहिली. पिल्लू शेपूट आपटत होतं, पुन्हा पुन्हा, उगाच, लहान मुलं टबात करतात तसं. बोटीत कोणी बोलेना, मळमळ कुठे गेली कळलं नाही. जवळ जायचं नाही असा नियम आहे आणि आमच्या माणसाने तो पाळला, शेजारच्या बोटीतून लोक अजून जवळ चला म्हणून मागे लागलेले ऐकू येत होते.

आता माझा भाग, कोर्कोवादो. ओसा पेनिन्सुलाचं हे पार्क १९७५ चं. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं इथे नद्यांत सोनं चाळणारे लोक होते, १९८६ मध्ये त्यांना बाहेर काढलं. आमच्या गाइडच्याच घरातले लोक आधी सोनं शोधायचे आणि आता हा टेपिर नावाचं जनावर शोधतो, असं तोच हसत सांगत होता. २०१४ पासून गाइडशिवाय आत जाताच येत नाही. सिरेना रेंजर स्टेशनला राहायच्या जागा मोजक्या, म्हणून ही ट्रिप ठरवताना आधी सिरेनाचं बुकिंग केलं आणि बाकी सगळं त्याच्या पुढेमागे बसवलं. तुम्हीही तसंच करा.

गाडी सिएर्पे गावात पार्किंगला ठेवायची आणि बोटीने ड्रेक बेला जायचं. आधी नदी, दोन्ही बाजूंना खारफुटी, इतकी शांत की नवरा झोपला. मग नदीचं मुख येतं. तिथे बोटवाला इंजिन हळू करून थांबला आणि मागे वळून वळून लाटा बघायला लागला. सगळ्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट केले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि मग असा काही थ्रॉटल दिला की बोट समोर उभीच राहिली, आपटली, पुन्हा उभी राहिली. दोन मिनिटांचा खेळ. नवऱ्याने माझा हात इतका दाबला होता की अंगठीचा वळ उठला. किलोमीटरभर केबलवर हात सोडून ओरडणारा हा माणूस. बाहेर आल्यावर म्हणाला, इथे ब्रेक कोणाच्या हातात होता गं? मी म्हटलं, कोणाच्याच नाही. अजून तासभराने पॅन्ट वर दुमडून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि ड्रेकला पोचलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बोट, सिरेना. उतरलं की पाय धुवून बूट चढवायचे आणि चालायला लागायचं. खाणं आत न्यायचं नाही, एकदाच वापरायचं प्लास्टिक नाही, जेवण स्टेशनवरच. झोपायला उंचावर एक मोठा उघडा प्लॅटफॉर्म, त्यावर बंक बेड ओळीने आणि प्रत्येकाला मच्छरदाणी. खोल्या नाहीत, त्यामुळे नवरा-बायको वगैरे विसरा, एक वरच्या बेडवर, एक खालच्या, आणि शेजारी अनोळखी माणूस घोरतोय. रात्री लवकर दिवे बंद. अंधार म्हणजे किती अंधार असतो ते तिथे कळतं. आणि पहाटे साडेचारच्या आसपास हाउलर माकडं सुरू होतात, तो आवाज माकडाचा वाटतच नाही, काहीतरी प्रचंड मोठं जनावर गुहेत गुरगुरतंय असं वाटतं, किलोमीटरभर लांबून येतो आणि तरी गादीतून जाणवतो.

आत काय केलं तर चाललो. आणि उभे राहिलो. गाइड हात वर करायचा आणि आम्ही दोघं जागच्या जागी, पाचपाच मिनिटं, घाम मानेवरून ओघळतोय, डास कानाशी, आणि हलायचं नाही. पहिल्या सकाळी नवरा चुळबुळत होता. मग वाटेच्या कडेच्या चिखलात एक टेपिर झोपलेला दिसला, गाढवाएवढा, नाक हत्तीच्या सोंडेचं सुरुवातीचं मॉडेल असल्यासारखं, आमच्यापासून फारतर दहाबारा पावलांवर. तो झोपेत कान हलवत होता. आम्ही किती वेळ बघत होतो माहीत नाही, नवऱ्याने फोनसुद्धा काढला नाही. त्यानंतर तोच मला शू करायला लागला. कोस्टा रिकातली चारही जातींची माकडं तिथे एकाच दिवसात दिसली, डोक्यावरून लाल मकाव पोपट जोडीजोडीने भांडत जायचे, आणि भरतीच्या वेळी सिरेना नदीच्या मुखाशी बुल शार्कचे पर पाण्यावर दिसले, तेच दोन हजाराच्या नोटेवरचे. त्याच नदीत मगरी पण. पोहायचं का असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या पहाटे अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा गाइडने हात वर केला, पण नेहमीसारखा नाही, मागे ढकलल्यासारखा. वाळलेल्या पानांत, वाटेपासून हातभर अंतरावर, तेरसिओपेलो नावाचा साप वेटोळं घालून बसला होता. गाइड दाखवत होता आणि मला साप दिसत नव्हता, हे सगळ्यात वाईट. रंग आणि नक्षी हुबेहूब पानांसारखी. इथला सगळ्यात धोकादायक साप हाच, आणि याच्या विषावरचं औषध सान होसेजवळच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत बनतं, १९७० पासून. गाइडने ही सगळी माहिती आम्हाला बऱ्याच लांबून वळसा घालून पलीकडे नेल्यावर दिली, आधी नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. तिथून पुढे नवरा माझ्या मागून चालायला लागला. म्हणाला तुला जंगल बघायची हौस ना, बघ, मी मागे आहे. दुपारी रिओ क्लारोला पोचेपर्यंत पाऊस, नदी मांडीपर्यंत चढलेली, गाइडने काठीने खोली बघितली, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला परत. पैसे भरलेत, ठरलंय, असलं काही चालत नाही तिथे, तो म्हणाला परत की परत.

परतीला सिएर्पेहून गाडी काढून सेरो दे ला मुएर्तेच्या घाटाने आलो, पॅन अमेरिकन हायवे तिथे ३,३०० मीटरच्या वर चढतो. दुपारनंतर धुकं उतरतं म्हणून सकाळीच पार करायचा असतो हा टप्पा. समुद्राजवळ घामाने भिजलेले आम्ही तीनचार तासांत जॅकेट घालून कुडकुडत होतो. घाटाच्या पलीकडे सान हेरार्दो दे दोता म्हणून खोल दरीतलं गाव आहे, तिथे राहिलो, खोलीत हीटर, जेवणात ट्राउट. इथे यायचं ते केत्सालसाठी. हिरवा-लाल पक्षी, नराची शेपूट स्वतःच्या अंगापेक्षा लांब. तिथले शेतकरी रानटी अवोकाडोची झाडं मुद्दाम राखतात, पक्षी आला की गाइडना मेसेज करतात आणि गाइड त्यांना काही पैसे देतात, त्यामुळे झाड तोडण्यापेक्षा ठेवणं परवडतं. पहाटे आठदहा लोक एका कुंपणाशी उभे होतो, सगळे थंडीने आखडलेले. आला, एक छोटा अवोकाडो अख्खा गिळला, दहा मिनिटं विचार करत बसला, बी थुंकला आणि गेला. नवऱ्याने शेपटीचे भरपूर फोटो काढले, पक्षी एकाही फोटोत पूर्ण नाही.

गाडी देण्याआधी धुवून घेतली कारण चिखल फार असेल तर वेगळे पैसे लावतात. तरीही तिथला माणूस टॉर्च घेऊन खाली वाकून बघत होता, नदीतून नेली होती का म्हणून. नदी ओलांडताना गाडीचं काही झालं तर इन्शुरन्स लागू होत नाही, सही करतो त्या कागदावर ते असतं. मागच्या बंपरवर एक ओरखडा त्याने दाखवला, मी व्हिडिओ काढून दाखवला, आधीपासूनचा होता. बरं म्हणाला आणि पुढच्या कपलकडे वळला. ते दोघं छोटी सेडान घेत होते आणि दुपारी मॉन्टेवर्देला निघायचं म्हणत होते. बाहेर ढग भरून आलेले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि तो गेला त्यांना तिलारानचा रस्ता समजावून सांगायला.